फवारणीनंतरचा पाऊस

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या बहुतेक अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी एक कागद चिकटवला जातो. शनिवारी सकाळी दहापासून पेस्ट कंट्रोल आहे, ओट्याखालची भांडी काढून ठेवा, मुलांना आणि कुत्र्यांना पार्किंगमध्ये सोडू नका. संध्याकाळी पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकलू, एवढं एक वाक्य मात्र त्यात नसतं. ते वाक्य त्या कागदावर यावं आणि त्यामागचा करार बदलावा, यासाठी असोसिएशनच्या सभेत काय बोलायचं हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाल्यात जाणारं कीटकनाशक कमी करायचं तर सुरुवात आपल्या बाल्कनीतल्या कुंड्यांपासून करू नये, पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक करारापासून करावी. एखाद्या घरात झुरळांवर मारलेला स्प्रे घरातच राहतो, फारतर पुसण्याच्या पाण्यातून मोरीत जातो. करारातली फवारणी होते ती बेसमेंटच्या रॅम्पवर, कंपाउंडच्या भिंतीलगत, गटाराच्या झाकणांवर आणि गेटबाहेरच्या फुटपाथवर. म्हणजे नेमकी तिथे, जिथून पावसाचं पाणी धावत रस्त्याकडच्या गटारात उतरतं.

दोन गटारं, दोन वाटा

स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि वॉशिंग मशीन यांचं पाणी बेंगळुरू जलमंडळाच्या ड्रेनेज लाइनमध्ये जातं. रस्त्याच्या मधोमध दिसणारी गोल झाकणं त्या लाइनची. पावसाचं पाणी, गाड्या धुतल्याचं पाणी, गेटसमोर रोज सकाळी मारला जाणारा सडा, पार्किंगमध्ये पाइप लावून केलेली धुलाई हे सगळं जातं फुटपाथच्या फरश्यांखालून वाहणाऱ्या पावसाळी गटारात. पहिल्या पाण्याच्या वाटेवर निदान शुद्धीकरण केंद्र आहे. दुसऱ्या वाटेवर काहीच नाही, कारण ते पावसाचं पाणी, ते स्वच्छच असणार असं धरून चाललेलं आहे. प्रत्यक्षात सांडपाणीही ठिकठिकाणी पावसाळी गटारात शिरतं हे नाक असलेल्या कोणालाही कळतं, पण म्हणून दोन्ही वाटा एकच होत नाहीत.

बेंगळुरू उंच पठारावर वसलेलं आहे. शहराचं पाणी वृषभावती, कोरमंगला, चल्लघट्टा आणि हेब्बाळ अशा खोऱ्यांमधून बाहेर जातं. आपला भाग त्यातल्या एका खोऱ्याचं नावच मिरवतो. या खोऱ्याचा मोठा नाला, म्हणजे कन्नडमधला राजकालुवे, सरकारी नकाशात के-१०० या क्रमांकाने ओळखला जातो. तो मॅजेस्टिकच्या परिसरातून, पूर्वीच्या धर्मांबुधी तलावाच्या बाजूने निघतो, कलासीपाळ्य आणि शांतिनगरवरून येतो, १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेल्या नॅशनल गेम्स व्हिलेजजवळून जातो आणि बेळ्ळंदूर तलावात उतरतो. त्याच्या काठाने चालता यावं, बसता यावं म्हणून महापालिकेने २०२१ मध्ये सुशोभीकरणाचं मोठं काम हाती घेतलं. चौथ्या ब्लॉकच्या खालच्या अंगाला असलेला एसटी बेड लेआउट तर थेट श्रीनिवागिलु तलावाच्या पात्रात वसवला आहे. जोराचा पाऊस झाला की तिथल्या तळमजल्यावरच्या लोकांना जुन्या तलावाची आठवण होते.

बेळ्ळंदूर तलाव सुमारे ९०० एकरांचा. २०१५ मध्ये त्यातून रस्त्यावर आलेला फेस आणि नंतर २०१७ व २०१८ मध्ये तिथे लागलेल्या आगी देशभर बातम्यांत आल्या. तो फेस मुख्यतः सांडपाण्याचा आणि साबण-डिटर्जंटचा होता. त्याचं खापर कीटकनाशकांवर फोडण्याचा माझा हेतू नाही. कीटकनाशकाला रंग नसतो, फेस नसतो, बहुतेकदा वासही राहत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही इतकंच. बेळ्ळंदूरचं पाणी पुढे वर्तूर तलावात आणि तिथून दक्षिण पिनाकिनीत जातं. ही नदी कर्नाटकची हद्द ओलांडून तमिळनाडूत जाते, आणि होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात ते पाणी साठतं. पुण्याच्या वाचकांनी इथे आंबिल ओढा आणि मुठा घालून वाचावं, नागपूरकरांनी नाग नदी. चित्र फारसं बदलत नाही.

किती थोडं पुरतं

शहरात वापरली जाणारी बहुतेक कीटकनाशकं आज पायरेथ्रॉइड गटातली आहेत: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. माणसाला आणि कुत्र्याला ती तुलनेने कमी घातक, म्हणून घराजवळ चालतात. पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांना आणि माशांना मात्र ती विलक्षण विषारी आहेत. काही पायरेथ्रॉइड लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असली तरी अशा जिवांना मारतात. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर हिशेब करून पाहा. १ ग्रॅम विष दर लिटरला १० नॅनोग्रॅम या प्रमाणात पसरलं तर १० कोटी लिटर पाणी लागेल. २५ टक्के सायपरमेथ्रिनच्या रिकाम्या म्हणून टाकलेल्या डब्यात तळाशी १० मिली शिल्लक असेल तर त्यात अडीच ग्रॅम मूळ विष असतं. प्रत्यक्षात यातलं पुष्कळसं गाळाला चिकटून बसतं, त्यामुळे पाणी इतकं बिघडत नाही. पण गाळात राहणारे किडे आणि त्यांच्यावर जगणारे मासे, पाणपक्षी यांना त्याचा काही दिलासा नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने हा धडा दोनदा गिरवला. १९९० च्या दशकात तिथल्या शहरी ओढ्यांचं पाणी डायझिनॉन आणि क्लोरपायरीफॉसमुळे विषारी झाल्याचं सिद्ध झालं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या दोन्हींचा घरगुती वापर बंद करण्यात आला. त्यांची जागा पायरेथ्रॉइडने घेतली. मग २००५ मध्ये डोनाल्ड वेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅक्रामेंटोजवळच्या रोझव्हिल या उपनगरातल्या ओढ्यांचा गाळ तपासला. आजूबाजूला शेती नव्हती, फक्त बंगले आणि हिरवळी, आणि तरी गाळ विषारी निघाला. २०१२ मध्ये तिथल्या कीटकनाशक नियंत्रण विभागाने पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांसाठी नियम केले. पाऊस पडत असताना बाहेर फवारायचं नाही, साचलेल्या पाण्यावर फवारायचं नाही, काँक्रीटवर सरसकट न फवारता भेगा, फटी आणि नेमके डाग एवढ्यांवरच मारायचं. उत्पादन बदलून प्रश्न सुटला नाही, वापरायची रीत बदलावी लागली. आपल्याला यातला दुसरा भागच उपयोगाचा आहे.

काँक्रीटचा यात मोठा हात आहे. मातीवर पडलेलं पायरेथ्रॉइड मातीच्या कणांना आणि कुजलेल्या पानांना धरून बसतं आणि हळूहळू विघटित होतं. काँक्रीटच्या रॅम्पवर पडलेलं पुढचे कित्येक आठवडे दर पावसाबरोबर थोडं थोडं सुटत राहतं. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही दुसऱ्या जातीची. ती पाण्याबरोबर जास्त सहज वाहतात, आणि फिप्रोनिलपासून तयार होणारे काही पदार्थ मूळ विषाइतकेच चिवट निघतात.

करारात काय लिहून घ्यायचं

आता सभेत. बहुतेक करारांमध्ये वर्षाला किती फेऱ्या आणि फेरीला किती पैसे एवढंच असतं. कुठे काय मारणार, किती मारणार, याचा उल्लेख नसतो. फेरीवर पैसे मिळतात म्हणून कंपनी प्रत्येक फेरीला पंप घेऊन येते आणि काही ना काही फवारून जाते, झुरळं असोत वा नसोत. यात कंपनीपेक्षा सभासदांचा दोष जास्त आहे. खाली उतरल्यावर औषधाचा वास आला नाही तर काम झालं नाही असं समजणारे सभासद प्रत्येक इमारतीत असतात, आणि तेच सेक्रेटरीला फोन करतात.

करार फेरीऐवजी तपासणीवर बांधा. दर महिन्याला माणूस येईल, बेसमेंटमध्ये, कचऱ्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघरांच्या शाफ्टमध्ये चिकटसापळे लावेल, किती झुरळं सापडली ते वहीत लिहील. ठरावीक आकड्यापुढे गेलं तरच औषध वापरायचं. झुरळांसाठी पंपाऐवजी जेल. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल बिजागऱ्यांच्या मागे, ओट्याच्या फटीत, मीटरच्या पेटीत थेंब थेंब लावलं की झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं आणि इतरांनाही मारतं. तेच विष असलं तरी पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. मुंग्यांसाठी आमिषाच्या पेट्या. उंदरांसाठी पिंजरे आणि बंद पेट्या, पार्किंगच्या नाल्यात गोळ्या टाकणं नाही.

बाहेरच्या फवारणीसाठी करारात अशी वाक्यं असावीत: रॅम्प, पार्किंग, फुटपाथ आणि गच्ची यांवर सरसकट फवारणी होणार नाही, फक्त भेगा आणि सांध्यांत बारीक धारेने औषध दिलं जाईल. गटाराच्या जाळीपासून दोन मीटरच्या आत आणि पावसाळी गटाराच्या झाकणांखाली काहीही मारलं जाणार नाही. पुढच्या ४८ तासांत पावसाचा अंदाज असेल तर काम पुढे ढकललं जाईल आणि त्याचा वेगळा आकार नसेल. वापरलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, तीव्रता आणि प्रमाण लेखी दिलं जाईल. ही वाक्यं इंग्रजीत करून घ्या. इथल्या कंपन्यांचे करार इंग्रजीतच असतात.

परवाना मागायला संकोच करू नका. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे, आणि पैसे घेऊन फवारणी करायची तर राज्याच्या कृषी खात्याचा परवाना लागतो. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हे रंग माणसाला होणाऱ्या विषबाधेवर ठरतात. हिरव्या त्रिकोणाचं औषध माशांनाही निरुपद्रवी असेलच असं नाही. डायक्लोरव्हॉसचा वापर ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात बंद आहे. वॉचमनच्या खोलीत जुना डबा असेल तर तो वापरून संपवायची काटकसर नको.

फवारणारा मुलगा बहुतेकदा दुसऱ्या राज्यातून आलेला असतो आणि हातमोज्यांशिवाय द्रावण कालवतो. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे मराठी माणसाला सांगायला नको. हातमोजे, मास्क, आणि काम झाल्यावर हात-पाय धुवायला साबण-पाणी या गोष्टी कराराचाच भाग असाव्यात. तो पंप कुठे धुतो ते एकदा खाली जाऊन पाहा. साधारणपणे धुतो तो गेटजवळच्या नळावर आणि पाणी सोडतो समोरच्या गटारात. सगळ्या फवारणीने झालं नसेल एवढं नुकसान त्या पाच मिनिटांत होऊ शकतं. योग्य रीत अशी की पंप थोड्याथोड्या पाण्याने तीनदा विसळायचा आणि ते पाणी त्याच दिवशी त्याच भेगांत फवारून संपवायचं. लागेल तेवढंच द्रावण कालवलं तर हा प्रश्न उरतच नाही. उरलंच तर ते ना गटारात, ना संडासात. कंपनीने परत न्यायचं. संडासात ओतलेलं शुद्धीकरण केंद्रात पोचतं खरं, पण पायरेथ्रॉइड तिथल्या गाळात अडकतं आणि इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी औषधं बऱ्याच अंशी तशीच बाहेर पडतात. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातल्या केंद्रांमधलं प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडलं जातं, हेही लक्षात असू द्या. कन्नड येत नसेल तर ‘मोरीगे हाकबेडी’ हे दोन शब्द पाठ करा. गटारात टाकू नका, एवढाच त्यांचा अर्थ, आणि गेटवर रोज उपयोगी पडतात.

इथला पाऊस जूनला सुरू होत नाही

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचं कॅलेंडर डोक्यात पक्कं असतं. पाऊस जून ते सप्टेंबर, बाकी कोरडं. बेंगळुरूला हे लागू नाही. इथे एप्रिल-मेमध्ये वळवाचे जोरदार पाऊस होतात, सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना असतो आणि ऑक्टोबरमध्येही, क्वचित नोव्हेंबरपर्यंत, मुसळधार सरी येतात. त्यातही पाऊस बहुधा दुपारनंतर, संध्याकाळी. म्हणजे सकाळी दहाला केलेली फवारणी आणि संध्याकाळी सहाची सर यांच्यात आठच तास. ‘पावसाळ्यापूर्वी एकदा जोरदार फवारणी’ ही पुण्या-मुंबईची रीत इथे मेमध्ये केली तर ती अगदी चुकीच्या वेळी पडते.

हवामान खात्याचा अंदाज पाहाच, शिवाय कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचं बेंगळुरूसाठीचं मेघसंदेश नावाचं ॲप आहे, त्यात शहरातल्या पावसाची माहिती मिळते. असोसिएशनमधल्या एका माणसाकडे ‘आज थांबवा’ म्हणण्याचा अधिकार द्या. तो सेक्रेटरी असला पाहिजे असं नाही. घरून काम करणारा आणि खिडकीबाहेर बघणारा कोणीही चालेल.

आणि पार्किंग धुवायचं थांबवा. झाडा. धूळ, गाळ आणि पानं कोरड्या झाडूने गोळा केली की पायरेथ्रॉइडचा बराच वाटा तिच्याबरोबर निघून जातो, कारण ते धुळीलाच चिकटलेलं असतं. ही धूळ ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. रॅम्पच्या शेवटी, गटाराच्या आधी, हातभर रुंदीची मातीची पट्टी करता आली तर फारच चांगलं. तिच्यात कंपोस्ट आणि वाळा किंवा कोणतंही दाट मुळांचं गवत लावा. रॅम्पवरून येणारं पाणी तिच्यातून मुरत गेलं तर गाळ आणि त्याला चिकटलेलं विष तिथे अडतं. विरघळलेलं सगळं अडत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

वाळवी आणि विहीर

कोरमंगलात तीसेक वर्षांपूर्वीची दुमजली घरं पाडून त्या जागी चारमजली इमारती उभ्या राहण्याचं काम अखंड चालू आहे. पायाच्या वेळी वाळवी प्रतिबंधक औषध मातीत घालायची पद्धत आहे आणि त्याचं भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. त्यानुसार आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण द्यायचं असतं. ३० बाय ४० च्या प्लॉटचे होतात सुमारे १११ चौरस मीटर, म्हणजे साडेपाचशे लिटर. द्रावण १ टक्का क्लोरपायरीफॉसचं असेल तर त्यात साडेपाच किलो मूळ विष. मघाचा ग्रॅमचा हिशेब आठवा. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बैठकीत क्लोरपायरीफॉसचं नाव जगभरातून टप्प्याटप्प्याने हटवायच्या रसायनांच्या यादीत गेलं, काही सवलतींसह.

मानकातच सांगितलं आहे की पाऊस चालू असताना किंवा माती पावसाने ओली असताना हे काम करू नये, आणि जवळच्या विहिरींना धोका पोचू देऊ नये. पण कंत्राटदाराचं वेळापत्रक मानकाकडे बघत नाही. औषध टाकलं, रात्री पाऊस आला, खड्डा भरला, सकाळी पंप लावून सगळं पाणी रस्त्याकडच्या गटारात, हे दृश्य इथे अनोळखी नाही. घर बांधत असाल तर ठेक्यात लिहून घ्या: औषध दिल्यानंतर लगेच वरचा थर, निदान प्लास्टिक, टाकायचं, खड्ड्यात पाणी साठलं तर विचारल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. जुन्या घराला वाळवी लागली असेल तर जमिनीत औषध सोडण्याऐवजी आमिषाच्या पेट्या विचारा. त्यांना वेळ लागतो, महिने लागतात, पण विष पेटीतच राहतं. आणि आधी गळका पाइप दुरुस्त करा. ओल नसेल तर वाळवी फारशी टिकत नाही.

इथेच या लेखातली सर्वात महत्त्वाची सावधगिरी येते. २००९ पासून बेंगळुरूत पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं बंधनकारक आहे, ६० बाय ४० आणि त्यापुढच्या जुन्या घरांना आणि ३० बाय ४० पासूनच्या नव्यांना. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्यावर अनेक इमारतींनी भराभर पुनर्भरण विहिरी खोदून घेतल्या. हे काम परंपरेने करणारा मन्नु वड्डर समाज इथे आहे, आणि त्यांचं काम चोख असतं. चूक पुढे होते. विहीर खोदल्यावर तिच्यात फक्त गच्चीचं पाणी न सोडता रॅम्पचं, पार्किंगचं, बागेचंही पाणी सोडतात, म्हणजे जास्त पाणी मुरेल. मातीच्या वरच्या थरात विष अडतं आणि कुजतं. विहीर म्हणजे त्या थराला वळसा घालून थेट खाली जाणारी वाट. ज्या रॅम्पवर महिन्याला फवारणी होते त्याचं पाणी तिच्यात सोडणं म्हणजे दोन वर्षांनी तेच बोअरवेलमधून वर खेचून पिणं.

नियम साधा ठेवा. विहिरीत फक्त गच्चीचं पाणी. पहिल्या सरींचं पाणी वेगळं काढणारी झडप बसवा आणि ती खरंच वापरा. गच्चीवर मुंग्यांसाठी किंवा ढेकणांसाठी कधीही फवारणी करू नका. पीजीवाल्यांना हे खास सांगणं आहे. ढेकूण झालेल्या गाद्यांवर औषध मारून त्या गच्चीवर वाळत घालायची इथे सर्रास पद्धत आहे. संध्याकाळी पाऊस, पाइप, विहीर. ढेकूण आता पायरेथ्रॉइडला दादही फारसे देत नाहीत. वाफेचं यंत्र, उकळत्या पाण्यात धुतलेल्या चादरी, पलंगाच्या फटींत सिलिका पावडर आणि गादीला बंद कव्हर यांनी काम होतं. मेहनत जास्त, हे मान्य.

डास

रोनाल्ड रॉस १८८३ मध्ये बेंगळुरूच्या छावणीत डॉक्टर होते. डासांमुळे मलेरिया पसरतो हा त्यांचा शोध अजून चौदा वर्षं लांब होता. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की डासांना पाणी मिळू दिलं नाही तर डास कमी होतात. शोध जगभर गाजला. ही साधी गोष्ट मात्र दीडशे वर्षांत आपण धूर सोडण्याच्या गाड्यांखाली पुरून टाकली.

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकने डेंग्यूला साथरोग म्हणून जाहीर केलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, एसीचं पाणी पडणारी बादली, बांधकामावर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, झाकण नीट न बसणारी सम्प टाकी. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं कोरडं करणं पुरतं. नाल्यातल्या घाण पाण्यात वाढतो तो दुसरा डास. डेंग्यूची भीती वाटली म्हणून नाल्यात औषध ओतायला लावणं म्हणजे चोर एका घरात आणि पोलीस दुसऱ्या घरात. डिझेलमध्ये मिसळून सोडलेला धूर त्या क्षणी उडणारे डास मारतो, अळ्या नाही. मग तो धूर जमिनीवर बसतो आणि पावसाबरोबर वाहून जातो. साथ चालू असताना आरोग्य खात्याने केलेल्या धूरफवारणीला विरोध करू नका, पण असोसिएशनने दर आठवड्याला स्वखर्चाने धूर सोडणं बंद करा.

जे पाणी रिकामं करता येत नाही, शोभेचं तळं किंवा तळघरातला खड्डा, त्यात बीटीआय नावाच्या जिवाणूपासून बनवलेले दाणे टाका. ते मुख्यतः डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांनाच मारतात. गप्पी मासे बंद टाकीत ठीक, पण तलावात किंवा नाल्यात सोडायचे नाहीत. स्थानिक माशांच्या पिल्लांना तेही संपवतात.

बाग, कुत्री आणि बाकीचं

बागेबद्दल थोडक्यात. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो, उरला तर साबणाचं पाणी. दशपर्णी अर्क आणि कडुनिंबाचं तेल वापरा, मात्र नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नाही. तंबाखूचा काढा हा निकोटिनचाच काढा असतो आणि इमिडाक्लोप्रिड त्याच घराण्यातलं. फरश्यांच्या फटींतलं गवत मारायला वॉचमनच्या हातात ग्लायफोसेट देऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करता येईल असा आदेश काढला आहे. उकळतं पाणी ओतलं तरी ते गवत मरतं.

कुत्री पाळणाऱ्यांनी पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या थेंबांकडे लक्ष द्यावं. त्यांत बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. इंग्लंडमधल्या नद्यांच्या २०१६ ते २०१८ मधल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ९८ टक्क्यांत फिप्रोनिल सापडलं, आणि संशोधकांचा रोख पाळीव प्राण्यांच्या औषधांवर होता. थेंब टाकल्यावर काही दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नका, आणि तलावावर फिरायला नेलंत तर पाण्यात उतरू देऊ नका. दर महिन्याला न चुकता थेंब टाकण्यापेक्षा गोचीड दिसली तर टाकायचे की कसं, हे पशुवैद्याला विचारा. रिकामे डबे, पाउच आणि स्प्रेचे कॅन सुक्या कचऱ्याच्या पिशवीत नको. बेंगळुरूच्या दोन डबे, एक पिशवी या पद्धतीत ते वेगळे गुंडाळून, वर लिहून द्यायचे.

शेवटचं काम वर्षातून एकदाचं. मार्च-एप्रिलमध्ये महापालिकेची माणसं फुटपाथखालची गटारं उपसतात आणि काळा गाळ तिथेच काठावर ढीग करून ठेवतात, सुकला की उचलू म्हणून. वर्षभर रस्त्याकडच्या फवारण्यांतून जे काही चिकटलं ते याच गाळात आहे. पहिला वळीव आला की तो पुन्हा आत जातो. तो कुंड्यांत घालायला नेऊ नका, कितीही सुपीक दिसला तरी. ढीग दिसला त्या दिवशी फोटो काढून तक्रार नोंदवा, आणि दोन दिवसांत उचलला नाही तर पुन्हा नोंदवा. सप्टेंबर २०२५ पासून शहराच्या पाच महानगरपालिका झाल्या आहेत. तुमचा वॉर्ड कोणत्या पालिकेत येतो आणि तिथला पावसाळी गटारांचा अभियंता कोण, ही दोन नावं लिफ्टमधल्या त्याच कागदावर पेस्ट कंट्रोलच्या तारखेखाली लिहून ठेवा.